वजा करून ऐकायचा भाव

प्रतिभा पीएच.डी. करते हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कशात करते हे मात्र कुणालाच नीट सांगता यायचं नाही, आणि मधूनमधून तिचीही तीच पंचाईत व्हायची. विषयाचं नाव होतं माहिती प्रणाली. माणसं माहिती कशी गोळा करतात, कुणाला देतात, मध्ये यंत्र आलं की तिचं काय होतं, याचा अभ्यास. सासूबाई रंभाबाई शेजारणींना सांगताना "कम्प्युटरचं हाये काहीतरी, संपूनच नाही राह्यलं," एवढ्यावर भागवत. नवरा ललित बुऱ्हाणपुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवायचा. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "मॅडम रिसर्च करू राह्यली," आणि गिऱ्हाइकानं पुढचा प्रश्न विचारायच्या आत नळी मोजायला घ्यायचा.

गाव इच्छापूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. सकाळी बस पकडून प्रतिभा बुऱ्हाणपूर गाठायची. तिचं खाजगी कॉलेज तिथल्या राजपुरा भागातल्या एका गल्लीत होतं: खाली शिलाई मशीनची दुरुस्ती, वर संगणकशास्त्र. अर्ध्या विद्यार्थ्यांच्या घरी पॉवरलूम, त्यामुळे हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. एखाद्यानं शंका विचारली की खालचा मशीनवाला वर डोकावून जायचा. या सगळ्यात प्रतिभा आनंदात होती. शिकवणं तिला आवडायचं, आणि ती शिकवायचीही छान. दुखणं एकच, ते म्हणजे इंदूर.

इंदूरला तिचे गाइड निरंजन सर. भला माणूस, पण प्रबंध परत पाठवायची त्यांना भारी हौस. दरवेळी दोनच तक्रारी. पहिल्या प्रकरणावर शेरा: "प्रेरणा कुठे आहे?" शेवटच्या प्रकरणावर शेरा: "पुढच्या संशोधनाची दिशा कुठे आहे?" मधल्या सगळ्या पानांबद्दल त्यांचं काही म्हणणं नसे.

"सर, प्रेरणा म्हणजे काय लिहू?" तिनं एकदा वैतागून फोनवर विचारलं. "पगार वाढतो म्हणून करते, असं लिहू?"

"सगळे त्यासाठीच करतात," सर शांतपणे म्हणाले. "म्हणून तर ते कुणी लिहीत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा."

शोधायला वेळ फारसा उरला नव्हता. मुदतवाढ देऊन देऊन विद्यापीठ कंटाळलं होतं. या खेपेला समितीपुढे सादरीकरण झालं नाही तर नोंदणी रद्द, असं त्यांनी कळवून टाकलं होतं. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

तिचा अभ्यास केळीच्या भावावर होता, आणि या विषयाची पहिली शिकवण तिला घरातच मिळाली होती. सासरे पंडितअप्पा म्हणजे सौद्यातला वाघ. आमच्या तापीकाठी केळीचा माल कापणीला आला की व्यापारी बागेवर येतो आणि तिथंच उभ्या उभ्या भाव ठरतो. असा सौदा गावात कुणाचाही असो, अप्पांना बोलावणं यायचंच. अप्पा टोपी सारखी करून निघायचे. बागेत शिरायचे, दोनचार घडांवरून हात फिरवायचे आणि व्यापाऱ्याला म्हणायचे, "शेठ, पानी प्या, सावलीत बसा, आन् गाडी रिकामी घेऊन जा. हा माल तुमच्यासाठी नाई." व्यापारी हसायचा, मग चिडायचा, मग भाव वाढवायचा. अप्पा तोवर दुसऱ्या वाफ्यात. व्यापारी त्यांच्या मागं मागं, आणि दर वाफ्याला भाव थोडा थोडा वर. बागेचा मालक बिचारा लांब उभा राहून मनातल्या मनात इच्छादेवीला नारळ बोलायचा.

स्वतःच्या बागेचा सौदा मात्र अप्पा एकट्यानं करायचे. व्यापारी लोटू शेठ यायचा, दोघं आत जायचे, थोड्या वेळानं बाहेर यायचे. सोबत कुणी गेलेलं अप्पांना चालायचं नाही. ललितलासुद्धा नाही. "वाघाच्या शिकारीले पोरं कायले?" असं म्हणून ते त्याला दुकानावर पिटाळायचे.

संध्याकाळी बसथांब्याजवळ दगा चहावाल्याच्या टपरीवर भाव जाहीर व्हायचे. हा गावचा जुना रिवाज. ज्याचा सौदा झाला त्यानं चहाचा पहिला घोट घ्यायचा, ओठ पुसायचे आणि आकडा सांगायचा. खरा आकडा सांगण्याची पद्धत नव्हती. थोडा चढवून सांगायचा, कारण खरा सांगितला तर लोक वजा करणार आणि आपण फुकट मरणार. ऐकणाऱ्यांचंही गणित पक्कं होतं. गावातला कौतिक बोलला तर इतका वजा करा, त्याच्या भावानं सांगितला तर त्याहून जास्त, आणि दगा स्वतः सांगत असेल तर ऐकूच नका, त्याला बागच नाही. अशी वजाबाकी करून सगळे खऱ्या भावापाशी येऊन पोचायचे आणि कुणाचं तोंडही खराब व्हायचं नाही. प्रतिभाही घरात ऐकलेल्या भावातून आपसूक वजा करायची. फक्त अप्पांचा आकडा ती होता तसा धरायची. वाघाच्या आकड्यातून काय वजा करायचं?

तर या गावात तिनं मोबाइलवरचं ॲप आणलं. कॉलेजच्या मुलींनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेलं. नाव केळीभाव. रोज संध्याकाळी शेतकऱ्यानं आपल्याला मिळालेला भाव भरायचा, ॲप सगळ्यांची सरासरी काढून दाखवणार. कुणी काय भरलं ते कळू नये म्हणून प्रत्येकाला नावाऐवजी एक नंबर. एका रविवारी टपरीसमोर उभं राहून तिनं सगळं समजावून सांगितलं. "कुणाचं नाव कुणालाही दिसणार नाही. अगदी गुप्त. म्हणून खरा भाव भरा."

"हाव, हाव," सगळ्यांनी माना हलवल्या. अप्पा तर उभे राहून म्हणाले, "माझ्या सुनेचं मशीन हाये. कोनी खोटं टाकलं तं माझ्याशी गाठ हाये." टाळ्या पडल्या. प्रतिभाचा ऊर भरून आला.

आकडे भराभर येऊ लागले. एकही दिवस खाडा नाही. आणि काय ते आकडे! बुऱ्हाणपूरच्या मंडीत लिलावाला जो भाव निघायचा त्याच्या वरच, आणि दर आठवड्याला आणखी वर. तिनं आलेख काढून इंदूरला पाठवला. निरंजन सरांचा फोन लगेच आला. त्यांचा आवाज इतका आनंदी तिनं कधी ऐकला नव्हता.

"प्रतिभाताई, कमाल आहे! माहिती मिळाली आणि शेतकऱ्याला जास्त भाव मिळाला. हाच निष्कर्ष. समिती उभी राहून टाळ्या वाजवेल!"

"आणि प्रेरणा, सर?"

"आता कोण विचारतं प्रेरणा!"

त्या आठवड्यात ती कॉलेजातून येताना मावा जलेबी घेऊन आली. रंभाबाईंनी कारण विचारलं नाही, जलेबी मात्र खाल्ली.

गाडी घसरली ती इथून. ॲपमधली सरासरी बघून गावातल्यांनी व्यापाऱ्यांना नाही म्हणायला सुरुवात केली. आपल्या शेजाऱ्याला एवढा भाव मिळतोय तर आपण कमी का घ्यावा? व्यापारी हात जोडून सांगत होते, एवढा भाव कुणीच देत नाही. कुणी ऐकेना. शेवटी ट्रक गावात न थांबता सरळ रावेरकडे जाऊ लागले. बागांमध्ये माल उभा. केळी कुणाची वाट बघत नाही. वेळेत कापली नाही तर झाडावरच पिकायला लागते, आणि पिकलेल्या घडाला दूरची गाडी नाही. अप्पांच्या दुसऱ्या बागेतही घड तटतटून उभे होते. त्यांनी लोटू शेठला परत पाठवलं.

"अप्पा, माल पिवळा पडेल," ललित म्हणाला.

"मोबाइलमधी भाव वाढू राह्यला ना? सुनेचं मशीन खोटं बोलन का?" अप्पा म्हणाले. प्रतिभाकडे बघून ते हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसमध्ये लोटू शेठ तिच्या पुढच्याच सीटवर बसला होता. त्याची मोटरसायकल गॅरेजमध्ये होती. लोटू हा लहानसा व्यापारी, नावापुढं शेठ लोकांनीच लावलेलं. तो मागं वळला.

"ताई, तुमच्या मोबाइलमधी एवढा भाव देनारा तो व्यापारी कोन हाये? मले भेटवा ना. मी माझा धंदा बंद करतो आन् त्याच्याकडे नोकरीले लागतो."

"थट्टा करू नका शेठ. तुम्ही मागच्या महिन्यात अप्पांचा माल घेतला. काय भाव दिला?"

लोटूचं हसू मावळलं. "दुसऱ्या कोनाचंबी विचारा. अप्पांचं नाई सांगनार," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

गावाच्या थांब्यावर उतरल्यावर प्रतिभा घराकडे वळली नाही. एरवी या वेळी टपरीजवळ बाया थांबत नसत, पण थांब्याच्या शेडमधल्या बाकावर बसायला कुणाची मनाई नव्हती. ती बसली. भिंतीपलीकडे टपरी, आणि टपरीवर तिचं अगदी गुप्त संशोधन खणखणीत आवाजात चाललेलं होतं.

कौतिकच्या हातात त्याचा मोठ्या पडद्याचा मोबाइल. सगळ्यांचे नंबर त्याला तोंडपाठ. तो हजेरी घेतल्यासारखा एकेकाला विचारत होता. "बोल बे, तुझा काय टाकू?" पहिला आकडा सांगायचा, की पुढचा त्याच्यावर थोडा चढवायचा. "त्याचा एवढा असन तं माझा काय कमी हाये का?" अप्पा सगळ्यात शेवटी बोलले, आणि सगळ्यात वर बोलले. टपरीवर कुणी हूं की चूं केलं नाही. कौतिकनं मुकाट्यानं आकडा भरला.

प्रतिभाला आधी हसू आलं. पदर तोंडावर धरून ती मनसोक्त हसली. मग एकदम रडू येईलसं झालं. टपरीवरच्या प्रत्येक आकड्यामागं चेहरा होता, आणि चेहरा बघून वजाबाकी होत होती. तिच्या ॲपनं सगळे चेहरे पुसून टाकले, नुसते आकडे ठेवले. त्यातून वजा कोण करणार, आणि किती? जी गोष्ट ती सून म्हणून रोज करत होती ती पडद्यावर आकडा बघताच साफ विसरली होती. आणि या विसरण्याला सर टाळ्या वाजवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात भूमिका नावाच्या मुलीला तिनं बाजूला घेतलं. ॲपचं बरंचसं काम भूमिकानंच केलं होतं.

"प्रश्न बदलायचा आहे. 'तुम्हाला काय भाव मिळाला' हे काढून टाक. 'तुमच्या शेजाऱ्याला काय भाव मिळाला' हे टाक. शेजाऱ्याचं नाव, आणि त्याचा भाव."

भूमिकानं डोळे मोठे केले. "मॅम, ये तो चुगली हो गई!"

"चुगलीच हवी आहे. आणि खाली एक रिकामी जागा ठेव. कुणाला आणखी काही लिहायचं असेल तर."

गावात प्रश्न बदलला आणि त्या संध्याकाळी टपरीवर चमत्कार झाला. कौतिकनं मोबाइल काढला, प्रश्न वाचला आणि चटकन खिशात घातला. शेजारी बसलेला असताना त्याचा भाव कसा भरायचा? एकेकाला घरी काम आठवलं. कुणी गोठ्यामागं जाऊन भरलं, कुणी विहिरीवर. स्वतःच्या भावासाठी ज्यांना पडदा नको होता ते शेजाऱ्याच्या भावासाठी अंधार शोधत फिरत होते. सकाळी प्रतिभानं सरासरी बघितली. ती थेट जमिनीवर येऊन बसली होती, मंडीच्या लिलावाला अगदी चिकटून. तो आकडा पाहून लोकांनी व्यापाऱ्यांना फोन केले. रुसलेले ट्रक परत वळले आणि गावचा माल वाचला. कौतिक तिला रस्त्यात भेटून म्हणाला, "वहिनी, तुमचं मशीन आता सुधरलं बरं का."

एक बाग तेवढी उभी राहिली. अप्पांची. "भाव पुन्हा वर जाईन," म्हणून ते अडून बसले.

आणि प्रतिभा अप्पांच्या नावासमोरचे आकडे बघत बसली. बाकी कुणाच्याही बाबतीत शेजाऱ्यांचे आकडे थोडे पुढंमागं होते. अप्पांचा आकडा सगळ्यांनी अगदी सारखा भरला होता. तो गावातला सगळ्यात कमी होता. केळीच्या आडून सौदा ऐकायला शेजाऱ्यांना सोबत जायची गरज नव्हती. दुसऱ्यासाठी व्यापाऱ्याला वाफ्यावाफ्यात पळवणारा हा माणूस स्वतःचा माल लोटूच्या पहिल्याच बोलीला देऊन टाकत होता. खाली रिकाम्या जागेत कुणी कुणी लिहिलंही होतं. "अप्पाले स्वतासाठी मांगता येत नाई." "लोटूनं एकदा जास्त द्याले केलं होतं तं अप्पाच लाजले." आणि जवळजवळ प्रत्येकानं वेगवेगळ्या अक्षरांत एकच गोष्ट: "अप्पाले कळू देऊ नका."

तिला काय करावं सुचेना. समितीला दोन्ही आकडे दाखवायचे होते: माणूस स्वतःचा भाव काय सांगतो आणि शेजारी काय सांगतो. त्यातला सगळ्यात मोठा फरक अप्पांचा. ती ओळ ठेवली तर वाघाचं कातडं भर चौकात उतरवल्यासारखं होणार. आज ना उद्या गावात पोचणारच. ओळ काढली तर प्रबंधाच्या मधोमध तिचंच एक खोटं बसणार. ज्या खोट्यावर संशोधन, तेच आपण करायचं?

"काढून टाकते," ती स्वयंपाकघरात रंभाबाईंना म्हणाली. सगळं सांगून झालं होतं. "नोंदणी गेली तरी चालेल. अप्पांची मान खाली जायला नको."

रंभाबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "मान गेलीच असती तं कव्हाच गेली असती, पोरी. मले लगनापासून माहीत हाये. त्यायले सांग. एकल्यानं ओझं वाहू राह्यले ते, सर्वे बघू राह्यले आन् कोनी हात लावून नाई राह्यलं."

अप्पा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. प्रतिभानं मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटच्या ओळी वाचताना बोट हळू झालं.

"कवापासून माहीत हाये?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासून, अप्पा."

"सर्वायले?"

"सगळ्यांना."

अप्पांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी व्यापाऱ्यापुढं उभा राह्यलो ना, दुसऱ्याच्या मालाचं बोलतो तं शब्द येतात. माझ्या मालाचं बोलाले गेलो की वाटतं, मी भीक मांगू राह्यलो." या माणसाची आपण इतकी वर्षं नुसती मिशी बघितली असं प्रतिभाला वाटलं.

"मी ती ओळ काढते, अप्पा."

"नाई." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या सुनेचं मशीन हाये. खोटं नाई टाकायचं, असं मीच बोललो होतो. ठेव."

ते टपरीवर जायचे बंद झाले. गावानं काय ते ओळखलं. माल पिकायच्या आत एका सकाळी कौतिक लोटू शेठला घेऊन दारात उभा.

"अप्पा, आज तुमच्या बागेचं मी बोलतो," कौतिक म्हणाला. "तुमी घरात बसा. बाहेर आले तं सौदा मोडला समजा."

घराच्या मागेच बाग. अप्पा मागच्या खिडकीशी बसले, रंभाबाई शेजारी पहाऱ्यावर. कौतिकनं अप्पांचीच सगळी चाल उचलली होती, फक्त टोपी नव्हती. घडावरून हात फिरवला, शेठला पाणी विचारलं, गाडी रिकामी न्यायला सांगितली. लोटूनं पहिली बोली लावली. "दे ना! दे त्याले!" अप्पा खिडकीतून ओरडणार, इतक्यात रंभाबाईंनी पोळीचा भलामोठा घास त्यांच्या तोंडात कोंबला. दुसऱ्या बोलीला दुसरा घास. अप्पांचं पोट भरेपर्यंत भाव गावाच्या बरोबरीला आला. लोटूही खूश दिसत होता. "इतके वर्षं कमी देऊन मलेच कसंतरी होत होतं," तो ललितला म्हणाला.

इंदूरच्या समितीत तीन मोठे लोक होते. निरंजन सर कोपऱ्यात बसले होते. त्यांचा लाडका निष्कर्ष गेल्यामुळे चेहरा उतरलेला. समितीतल्या एकानं तक्त्यावर बोट ठेवलं. "हा एक उत्तरदाता सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. काढून टाका, निकाल स्वच्छ दिसेल."

"नाही काढणार, सर," प्रतिभा म्हणाली. तिचा आवाज वर्गातला लागला. "हे माझे सासरे. त्यांचा खरा भाव सगळ्या गावाला माहीत होता आणि गावानं तो त्यांच्यासाठी लपवून ठेवला. माझं ॲप यायच्या आधीपासून तिथं एक व्यवस्था चालू होती. कोण किती चढवतो, कुणाचं किती झाकायचं, सगळं तिच्यात होतं. मला ती दिसलीच नाही. पुढचं संशोधन मी तिथून करणार आहे. माणसं माहिती का देतात हे सगळे विचारतात. मला बघायचं आहे की ती माणसं कुणाच्या मायेपोटी माहिती देत नाहीत."

निरंजन सर पुढं सरकून बसले. "आणि प्रेरणा?" त्यांनी विचारलं.

"तीच, सर. घरातच होती."

समितीनं दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि पास केलं.

गावात बस थांबली तेव्हा अप्पा थांब्यावर उभे होते. कितीतरी दिवसांनी ते इकडे आले होते. प्रतिभानं खाली उतरून निकाल सांगितला. अप्पा वळले आणि टपरीकडे चालू लागले. ती मागं मागं गेली, बाया थांबत नसत तरी गेली.

सगळे चहा घेत होते.

"सून पास झाली," अप्पा म्हणाले. "पहिला नंबर वगैरे काई नाई. दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त करायच्या हायेत. मंग डिग्री भेटन."

माना खाली गेल्या. दगानं हळूच अप्पांच्या हातात ग्लास दिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या अप्पा. नापास तं मोठे मोठे होतात. पुढच्या साली बघू."

"नापास नाई बे! पास झाली!"

"हाव, हाव, पास," दोघंतिघं समजूत घालायला लागले. एकानं तर सहानुभूतीनं पाठीवर हात ठेवला. अप्पा लाल झाले. त्यांनी मदतीसाठी कौतिककडे बघितलं.

कौतिक उठून उभा राहिला. "वजा करू नका रे," तो म्हणाला. "आज अप्पांनी चढवून नाई सांगितलं."

अप्पा चढवून सांगतात, हे टपरीवर मोठ्यानं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. कुणाला कुणाकडे बघवेना. अप्पांनी ग्लास खाली ठेवला, टोपी काढून टोपीनंच डोळे पुसले आणि एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"सर्वायले माहीत होतं," ते म्हणाले. "इतके वर्षं. आन् एकबी नाई बोलला. हरामखोर हो!"

आधी कौतिक हसला, मग दगा, मग सगळी टपरी. अप्पाही हसू लागले. मग त्यांनी बाकावर सरकून प्रतिभाला जागा करून दिली, आणि दगाला तिच्यासाठी चहा सांगितला.